घरच्या गॅरेजात सुतारकामाची मोठी मशीन: विजेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये माझ्या घराला लागून दहा बाय अठरा फुटांचं गॅरेज आहे. गाडी अंगणात असते. आत टेबल सॉ, बारा इंची रंधा मशीन, छोटा बँड सॉ आणि भुसा ओढणारा डस्ट कलेक्टर. बघायला येणारी माणसं बिडाच्या टेबलावरून हात फिरवतात, मशीन केवढ्याला पडलं ते विचारतात. वीज कुठून आणली, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही. महिना-दोन महिन्यांनी स्वतःचं मशीन घरी उतरलं की फोन येतो. पुढचे प्रश्न त्याच फोनांमधले.

सगळ्यांना एक गोष्ट मी आधी सांगतो. हाताशी जेवढे पैसे आहेत त्यातून अर्थिंग, आरसीसीबी (विजेची गळती दिसली की लाइन तोडणारा स्विच) आणि स्टार्टर (मशीन चालू-बंद करणारी बटणांची पेटी) यांचे पैसे पहिल्यांदा बाजूला काढा. उरतील त्यात बसेल ते मशीन घ्या. आणि वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. हे वाचून स्वतः वायरी जोडायला बसू नका. आलेल्या माणसाकडे नेमकं काय मागायचं आणि त्याने केलेलं काम कसं बघायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

गॅरेजात १६ अँपिअरचा एक प्लग आहे. त्यावर २ एचपीचं मशीन चालेल का?

प्लगपर्यंत मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, अडीच एमएमची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर आली असेल आणि त्या लाइनवर दुसरं काही नसेल, तर चालतं. बऱ्याच घरांत गॅरेजचा प्लग गिझरच्या नाही तर पाण्याच्या मोटरीच्या लाइनवरून पुढे ओढलेला असतो. तसं असेल तर चालवू नका.

हिशोब सोपा आहे. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ही मोटरीच्या शाफ्टवर मिळणारी ताकद झाली. छोटी सिंगल फेज मोटर ती द्यायला त्याहून बरंच जास्त ओढते. २३० व्होल्टवर १ एचपीला साधारण ५ ते ६.५ अँपिअर, २ एचपीला १० ते १२ आणि ३ एचपीला १५ ते १८ अँपिअर लागतात. नेमका आकडा मोटरीच्या नेमप्लेटवर कोरलेला असतो, तोच धरायचा. म्हणजे २ एचपी १६ च्या प्लगात बसतं, ३ एचपी बसत नाही. ३ एचपीला ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल प्लग-सॉकेट बसवा. निळा असतो तो सिंगल फेजचा, लाल थ्री फेजचा.

प्लग पुरा पडतोय की नाही, हे त्याच्याकडे बघून कळतं. अर्धा तास काम करा, मशीन बंद करा, प्लग उपसा आणि त्याच्या अंगाला हात लावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल, पिनेच्या बुडाशी पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालं असेल, किंवा सॉकेटपाशी जळक्या माशासारखा वास येत असेल, तर आतली पकड सैल झाली आहे. सॉकेट बदलायचा, त्याच दिवशी.

मशीन चालू करताना घरातले दिवे क्षणभर मंद होतात, कधी एमसीबी (जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) पडतो. मोठा एमसीबी बसवू का?

नाही. हा सल्ला दहातल्या सात जणांना कोणीतरी दिलेला असतो आणि तोच सगळ्यात घातक आहे. एमसीबी वायरीला जपण्यासाठी असतो. अडीचच्या वायरीवर ३२ चा एमसीबी लावला, तर भिंतीतल्या पाइपात वायर तापून तिचं आवरण वितळेल, तरी तो पडणार नाही. जुन्या फ्यूजच्या ग्रिपमध्ये जाड तार भरतात, त्यातलाच हा प्रकार.

मोटर थांबलेल्या अवस्थेतून उठते तेव्हा ती नेहमीच्या पाच ते सहा पट प्रवाह ओढते. २ एचपीची मोटर चालताना १० अँपिअर घेत असेल, तर उठताना क्षणभर ५०-६० घेते. रंध्याचा जड कटर किंवा बँड सॉची मोठी चाकं असतील तर हा क्षण एक-दोन सेकंदांपर्यंत लांबतो. म्हणून एमसीबीचा आकडा वाढवायचा नाही, त्याचा प्रकार बघायचा. घरात दिव्यांसाठी बसवलेला बी कर्व्हचा एमसीबी आपल्या आकड्याच्या ३ ते ५ पटींत झटक्यात पडतो. सी कर्व्हचा ५ ते १० पटींत, डी कर्व्हचा १० ते २० पटींत. १६ चा बी ८० अँपिअरच्या आतच पडू शकतो. १६ चा सी ८० पर्यंत तरी तग धरतो. सुतारकामाच्या मशीनला बहुतेक वेळा सी पुरतो. एमसीबी दोन पोलचा घ्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

आणि आधी मशीन रिकामं चालू करून बघा. पट्टा फार ताणलेला असेल, बेअरिंग सुकलेलं असेल, तर मोटर उठायला जास्त वेळ घेते आणि दोष उगाच एमसीबीला लागतो.

वायर किती एमएमची घालू?

२ एचपीपर्यंत अडीच, ३ एचपीला चार, आणि त्या चारच्या वायरीला २० अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी. मीटरपासून गॅरेज लांब असेल तर एक पायरी वर जा. लांबी का महत्त्वाची, ते आकड्यांत बघू.

समजा मीटरपासून गॅरेज २५ मीटरवर आहे. वीज जाते आणि परत येते, म्हणून वायर ५० मीटर. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरीचा एवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.३५ ओहम. मोटर चालताना १० अँपिअर घेते तेव्हा साडेतीन व्होल्ट पडतात, काही बिघडत नाही. पण उठताना ६० अँपिअर घेते तेव्हा २१ व्होल्ट पडतात. तिथेच सहा एमएमची वायर असेल तर जेमतेम ९. इंडक्शन मोटरीचा उठतानाचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर जोर ६१ टक्क्यांवर येतो. मोटर रेंगाळते, रेंगाळली की जास्त वेळ जास्त प्रवाह ओढते, आणि वाइंडिंग जळायला सुरुवात इथूनच होते.

जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर ती या कामाला वापरू नका. बोर्डापासून नवीन तांब्याची वायर ओढा, पीव्हीसी पाइपातून, भिंतीच्या बाहेरून गेली तरी चालेल.

एक्सटेन्शन बोर्डावर चालवलं तर?

बाजारातल्या साध्या एक्सटेन्शनची वायर बहुधा एक एमएमची किंवा त्याहून बारीक असते. २० मीटरच्या एक एमएमच्या एक्सटेन्शनचा जाण्या-येण्याचा रोध ०.७ ओहम. वरच्याच हिशोबाने ६० अँपिअरला ४२ व्होल्ट त्यातच गेले. हातातलं ड्रिल, जिगसॉ, सँडर यांना एक्सटेन्शन चालतं. जमिनीवर उभ्या राहणाऱ्या मशीनला नाही. अगदीच नाइलाज असेल तर अडीचच्या तीन कोअर केबलचं, दोन-चार मीटरचंच करून घ्या, आणि रीळ असेल तर पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

मोटर नुसती घुमते, फिरत नाही. काय झालं असेल?

लगेच बंद करा. घुमत ठेवलेली मोटर मिनिटभरात जळू शकते. सिंगल फेज मोटरीला उठायला कपॅसिटर लागतो. आपल्याकडे मोटरवाले त्याला कंडेन्सर म्हणतात. तो गेला, किंवा मोटरीतल्या सेंट्रिफ्युगल स्विचच्या टोकांत भुसा बसला, की मोटर घुमते आणि जागेवर राहते. सुतारकामाच्या मशीनमध्ये दुसरं कारण फार दिसतं. हाताने पातं ढकलून मोटर चालू करायचा प्रकार मी पाहिला आहे. तसं कधीही करू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका बसण्याएवढा भार राहू शकतो, म्हणून झाकण उघडायचं काम रिवाइंडिंगवाल्याकडेच द्या.

साध्या ऑन-ऑफ स्विचवर मशीन चालतं. स्टार्टर कशाला?

याचं उत्तर मी अनुभवातून देतो. आषाढातली दुपार होती. मी सागवानी फळ्या रंधत होतो, आणि लाइट गेली. मशीनवर तेव्हा साधा फिरवायचा स्विच होता. तो चालूच राहिला, माझ्या लक्षात आलं नाही. रंध्याच्या तोंडाशी ओले ढलपे अडकून बसले होते. आयताच वेळ मिळाला म्हणून ते मी बोटांनी उपसायला लागलो. तेवढ्यात आतून हाक आली, मी हात झटकून दारापर्यंत गेलो, आणि पाठीमागे मशीन सुरू झालं. राहिलेले ढलपे कटरने भिंतीवर फेकले. माझी बोटं तिथून निघून अर्धा मिनिटसुद्धा झालं नव्हतं. त्या दिवशी पुढे काम केलं नाही.

डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टरमध्ये हिरवं बटण दाबलं की आतली कॉइल संपर्क धरून ठेवते. लाइट गेली की कॉइल सुटते, आणि लाइट आल्यावर हिरवं बटण पुन्हा दाबेपर्यंत मशीन उठत नाही. जिथे लाइट जाते-येते तिथे हे असायलाच हवं. हाच स्टार्टर दुसरंही काम करतो: त्यातला ओव्हरलोड रिले मोटर दमली की तिला सोडवतो. रिलेवरचा काटा नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावलेला आहे का, ते बघा. दुकानातून आलेला स्टार्टर बहुतेक वेळा तसाच बसवला जातो, आणि काटा भलतीकडे असतो. रिलेचा रिसेट हाताने करायचा असू द्या, आपोआप होणारा नको. नाही तर थंड झालेलं मशीन पुन्हा स्वतःहून उठायची शक्यता राहते.

लाल बटण मोठं, छत्रीच्या आकाराचं घ्या आणि मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर बसवा. दोन्ही हात फळीवर असतात तेव्हाच ते लागतं.

घरात चांगलं अर्थिंग आहे. मग आरसीसीबी कशाला?

या एका प्रश्नावर मी कोणाशीही तासभर बोलायला तयार असतो.

मोटरीतली फेजची वायर घासून मशीनच्या लोखंडी अंगाला लागली, असं समजा. अर्थिंग असेल तर प्रवाह अर्थच्या वायरीने जमिनीत जाईल, एमसीबी पडेल आणि आपण वाचू, अशी सगळ्यांची समजूत असते. आता आकडे बघा. तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे, म्हणजे घरच्या मानाने चांगला. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर. २० चा सी कर्व्ह एमसीबी झटक्यात पडायला निदान १०० अँपिअर लागतात, खात्रीने पडायला २००. ४६ ला तो तापून पडेल, पण त्याला मिनिटभर किंवा जास्तही लागू शकतं. तोवर मशीनच्या अंगावर करंट आहे आणि तुमचे दोन्ही हात बिडाच्या टेबलावर टेकलेले आहेत.

खड्डा सुकला आणि रोध २० ओहम झाला, तर प्रवाह फक्त साडेअकरा अँपिअर. २० चा एमसीबी याला कधीच पडणार नाही. मशीन मजेत चालू राहील, टेबलावर करंट तसाच.

आरसीसीबी वेगळ्या रीतीने काम करतो. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत आली का, एवढंच तो मोजतो. ३० मिलिअँपिअरची, म्हणजे अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट एवढीशी तूट दिसली, की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तोडतो; तूट मोठी असेल तर त्याहून कितीतरी लवकर. २० ओहमचा सुकलेला खड्डासुद्धा त्याला पुरतो. म्हणून गॅरेजच्या लाइनला स्वतःचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, ते आगीपासून बचावासाठी. माणसाच्या जिवासाठी ३० चाच.

तो काय करत नाही, हेही लक्षात असू द्या. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरलं, तर त्याला तूट दिसत नाही. ओव्हरलोडलाही तो पडत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. त्याच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. मी अमावास्येला दाबतो, तारीख चुकत नाही.

आरसीसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाका.

तो पडतोय, म्हणजे कुठेतरी गळती आहे. सगळे प्लग काढा, एकेक लावत जा. ज्याला पडतो ते मशीन रिवाइंडिंगवाल्याकडे न्या आणि मेगरने (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या. वाइंडिंग आणि मोटरीचं अंग यांच्यामध्ये किमान १ मेगाओहम तरी यायला हवा. चांगल्या मोटरीचा त्याहून कितीतरी जास्त येतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटरी ओल धरतात, त्या वाळवल्या की बऱ्याचदा ठीक होतात. एखाद्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले असले तरी तो पडतो. काही जण अर्थिंग नसलं की न्यूट्रलचीच वायर अर्थच्या पिनेला लावून देतात. मागे कुठे न्यूट्रल तुटला, की मशीनच्या अंगावर सरळ २३० व्होल्ट येतात. असं काम दिसलं तर तो माणूस पुन्हा बोलावू नका.

अर्थिंगचा खड्डा कसा असावा?

जुनी पद्धत अजूनही चांगली आहे: अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण. रसायन भरलेले तयार इलेक्ट्रोडही मिळतात. जमीन कोणती, यावर बरंच अवलंबून आहे. काळी माती ओल धरते, रोध कमी येतो. मुरूम, कातळ, कोकणातला जांभा इथे एक खड्डा पुरत नाही. दोन घेऊन जोडावे लागतात. खड्डा झाल्यावर अर्थ टेस्टर लावून आकडा लिहून घ्या आणि तो बोर्डाच्या दाराला आतून चिकटवा. चैत्र-वैशाखात आठवड्याला बादलीभर पाणी घाला. घरातली तुळस आणि खड्डा, दोघांना एकाच वेळी पाणी घालणारी एक आजी मला माहीत आहे. तिच्या घरचा आकडा माझ्यापेक्षा चांगला आहे.

थ्री फेज मोटर असेल तर तिच्या अंगाला दोन वेगवेगळ्या अर्थच्या वायरी जोडाव्या लागतात. नियमच तसा आहे, आणि कारणही साधं: थरथरणाऱ्या मशीनवर एक नट सैल झाला, तरी दुसरी वायर राहते.

सिंगल फेज घेऊ की थ्री फेज?

छंदापुरतं काम आणि मशीन २ एचपीपर्यंत असतील, तर सिंगल फेजवर आनंदाने काम होतं. सगळी मशीन एकदम चालत नाहीत, माणूस एकच असतो. ३ एचपीच्या पुढे, किंवा बारा इंचाच्या वरचा थिकनेसर (फळी सारख्या जाडीची करणारी रंधा मशीन) घ्यायचा मनात असेल, तर थ्री फेज घ्या. ३ एचपीला सिंगल फेजवर १५-१८ अँपिअर लागतात, तिथे थ्री फेजवर प्रत्येक फेजला ५ च्या आसपास. मोटरीत कपॅसिटर नाही, सेंट्रिफ्युगल स्विच नाही, म्हणजे भुशाने बिघडणारी जागाच नाही. जुनी थ्री फेज मशीन स्वस्तात मिळतात, हा आणखी एक फायदा.

वीजबिलावर मंजूर भार छापलेला असतो. मशीन आणण्याआधी तो बघा आणि महावितरणकडे (मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटा, जे असेल तिथे) भारवाढीचा किंवा थ्री फेजचा अर्ज करा. थ्री फेजचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त येतो, तो धरून चाला. फर्निचर विकायला लागलात, तर वर्गवारी बदलू शकते; कोणत्या वर्गवारीत जाल, ते उपविभाग कार्यालयात विचारून घ्या.

थ्री फेज घेतलं की सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवल्याशिवाय मोटर चालू करू नका. तीनपैकी एक फेज गेला तर चालती मोटर उरलेल्या दोनांवर रेटत राहते आणि जळते. शेतकऱ्यांना हे सांगावं लागत नाही, विहिरीवरच्या मोटरीने त्यांना कधीच शिकवलेलं असतं.

थ्री फेजचं मशीन स्वस्तात मिळालं आहे, घरी सिंगल फेज आहे. काही करता येईल का?

येतं. व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह) घ्या. सिंगल फेज २३० आत घेतो आणि थ्री फेज २३० बाहेर देतो, साधारण ३ एचपीपर्यंतचे सहज मिळतात. मोटर तीन-चार सेकंदांत हळूहळू उठवता येते, त्यामुळे दिवे मंद होत नाहीत.

घेण्याआधी नेमप्लेट वाचा. हे पाऊल चुकलं की पैसे वाया. स्टार आणि डेल्टा हे मोटरीतली तीन वाइंडिंग एकमेकांना जोडायचे दोन प्रकार. आपल्याकडच्या २ एचपीपर्यंतच्या बहुतेक थ्री फेज मोटरी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. त्यांची पेटी उघडून पट्ट्या डेल्टामध्ये फिरवल्या, की त्याच मोटरी २४० व्होल्टच्या होतात. पेटीत सहा टोकं असतील तर हे पाच मिनिटांचं काम. तीनच असतील तर आतला जोड रिवाइंडिंगवाला बाहेर काढून देतो. मात्र जी मोटर ४१५ ला आधीच डेल्टामध्ये आहे, ती २३० च्या व्हीएफडीवर पूर्ण जोर देणार नाही.

व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा स्टार्टर टाकू नका; चालू-बंद व्हीएफडीच्याच बटणांनी करायचं, आणि लाइट आल्यावर तो स्वतःहून उठणार नाही अशी सेटिंग ठेवायची. साधा एसी टाइपचा आरसीसीबी याच्या गळतीला भरवशाचा नाही. व्हीएफडीच्या पुस्तिकेत सांगितलेला टाइपच घ्या. पेटी भिंतीवर, भुशाच्या झोतापासून दूर. आणि लाइट बंद केल्यावर आतले कपॅसिटर रिकामे व्हायला पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, मग झाकणाला हात. कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर व्हीएफडीवर लावू नका.

शेत घराला लागूनच आहे. शेतीच्या थ्री फेजवरून वायर आणली तर?

नको. मंजूर कारणाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय ती वीज ठरलेल्या तासांतच येते, कधी रात्रीची, आणि बऱ्याच ठिकाणी बाकी वेळ एकच फेज राहतो. जोड देताना काम अर्ध्यात सोडावं लागेल.

गावातली डीपी बदलली आणि मशीन उलटं फिरायला लागलं.

दोन फेजची अदलाबदल झाली की थ्री फेज मोटर उलटी फिरते. पंप उलटा फिरला तर पाणी नीट येत नाही, एवढंच. टेबल सॉ उलटा फिरला तर पात्याचा नट सुटू शकतो आणि पातं फळी तुमच्या अपेक्षेच्या उलट दिशेला ओढतं. लाइनवर काम झाल्याचं कळलं, की टेबलापासून बाजूला उभं राहून बटण क्षणभर दाबा आणि सोडा. फिरण्याची दिशा बघून मगच काम सुरू करा. फेज सिक्वेन्स रिले मिळतो, तो चुकीच्या क्रमाला मशीन उठूच देत नाही.

डस्ट कलेक्टर आणि सॉ एकाच लाइनवर चालेल?

दोन्ही एकदम चालायचे असतात, म्हणून दोन वेगळ्या लाइनी. आधी कलेक्टर चालू करायचा, तो पूर्ण वेगात आला की सॉ. दोन्ही एकाच क्षणी उठवले तर मुख्य एमसीबी पडू शकतो.

दिव्यांची लाइन तर वेगळीच हवी. मशीनच्या लाइनला काही झालं आणि त्याबरोबर अंधारही झाला, तर पातं अजून गरगरत असतं आणि तुम्हाला ते दिसत नाही. चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली आणखी एक धोका आहे. ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे फिरणारं पातं काही वेळा थांबल्यासारखं किंवा संथ दिसतं. मशीनवर चांगल्या प्रतीचा, न लुकलुकणारा एलईडी लावा.

भुशाचा विजेशी काय संबंध?

मोटरीवर बोटभर भुसा साचला की तिची उष्णता बाहेर जात नाही. सॉकेटमध्ये बारीक भुसा बसला आणि तिथे ठिणगी उडाली, तर तो धुमसत राहतो. रात्री कुलूप लावून आपण झोपलेलो असतो. मोटर घेताना भुसा आत जाणार नाही अशा पूर्ण बंद खोळाची, बाहेरून पंख्याने थंड होणारी घ्या. बोर्ड झाकणाचा असू द्या. काम संपल्यावर मुख्य एमसीबी खाली, आणि आठवड्यातून एकदा लाइट बंद करून बोर्ड आणि मोटरी ब्रशने साफ. गॅरेज आहे म्हणून पेट्रोलचा कॅन, थिनर, फ्रेंच पॉलिशचा स्पिरिट तिथेच ठेवतात. ते दुसऱ्या खोलीत हलवा.

संध्याकाळी व्होल्टेज १८०-१९० वर येतं. स्टॅबिलायझर लावू?

वेळ बदला. सकाळी काम करा. कमी व्होल्टेजवर भार ओढणारी मोटर जास्त अँपिअर घेते आणि तापते. स्टॅबिलायझर घ्यायचाच असेल, तर मोटरीच्या उठण्याच्या प्रवाहाला पुरेल एवढा मोठा घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो. घरचा इन्व्हर्टर या कामाचा नाही. जनरेटर घेतला तर मोटरीच्या चालत्या गरजेच्या अडीच-तीन पट क्षमतेचा घ्या.

अमेरिकेतून परत येताना आम्ही तिथला टेबल सॉ आणला. इथे चालेल?

तिथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, इथे २३० आणि ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही. इंडक्शन मोटरीचं मशीन इथे सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल, आणि ५० हर्ट्झवर पूर्ण १२० व्होल्ट दिले तर तापेल. १०० च्या आसपास द्यावे लागतात. मग जोरही कमी पडतो. मी सांगेन की मशीन ठेवा, मोटर काढून इथली बसवा. ब्रश असलेल्या मोटरीचा छोटा सॉ असेल, तर हर्ट्झने बिघडत नाही, पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर बास.

पावसाळ्यात काय बघायचं?

फरशीला ओल येते. मशीनसमोर रबरी मॅट, पायात कोरडे बूट. अनवाणी उभं राहून मशीनला हात लावू नका. महिनाभर बंद असलेली मोटर आधी रिकामी चालवा, आणि त्याआधी आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा.

पातं बदलताना एमसीबी खाली केला तर पुरे ना?

बोर्ड दाराबाहेर असेल तर घरातलं कोणीही तो वर करू शकतं. ‘बाबांची लाइट गेली वाटतं’ म्हणत माझ्या मुलीने एकदा तसं केलं होतं. सुदैवाने स्टार्टर होता. तेव्हापासून मी प्लग उपसतो आणि तो पाना ठेवतो तिथेच, टेबलावर डोळ्यांसमोर ठेवतो. प्लग दिसत असेल तरच हात पात्याकडे जातो.